घरात मशीन एक, माणसं आठ: कोणाचं बीपी किती असायला पाहिजे?

औशाचा मास्तर
रविवार, रात्री ९:०५

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. महालक्ष्म्यांसाठी सगळं घर गोळा झालंय. वडिलांना बीपीची गोळी चालू आहे, म्हणून मागच्या आठवड्यात लातूरहून दंडाला पट्टा बांधायचं मशीन आणलं, १,८५० रुपयांना. आज विसर्जन झाल्यावर सगळे ओसरीवर बसले होते, तर एकेकाचं मोजत गेलो. आता वहीत आठ माणसांचे आकडे आहेत आणि कोणता आकडा कोणाला चालतो तेच मला कळेना.

आजी सगळ्यात मोठी. आधारवर १ जानेवारी १९४१ लिहिलंय, म्हणजे खरी तारीख कोणालाच माहीत नाही, पण पंच्याऐंशीच्या आसपास धरा. तिचं १६८/७० आलं. परत घेतलं तर १६४/७०. तिला गोळी कुठलीच नाही, फक्त गुडघ्यासाठी मेडिकलवरून आणलेली. वडील ६३, शुगर आहे, अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू आहे (बरं वाटलं की सोडतात, ओरडून ओरडून थकलो), त्यांचं १४६/८४. आई ५७, तिचं १३८/८६. माझं वय ३८, १२८/८४. बायको ३४, तिचं १०४/६६, ती म्हणते माझं लो आहे, म्हणूनच मला थकवा येतो. मुलगी चौदा वर्षांची, १२२/७६. मुलगा आठचा, त्याच्या दंडाला पट्टा सैलच बसतो, तरी ८८/५२ दाखवलं. आणि धाकटी बहीण, २६ वर्षांची, पहिलटकरीण, सातवा संपत आलाय, बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. तिचं १४२/९२, थोड्या वेळानं १४४/९०. दोन दिवस डोकं दुखतंय म्हणते, पण सणाची दगदग झाली, पुरणाच्या चुलीपाशी बसली, जागरण झालं.

आजीचा आकडा बघून घरात सगळे घाबरलेत. आई रडायला लागली. चुलते म्हणतात आत्ताच गाडी काढा, लातूरला न्या. आजी म्हणते, "मला काय धाड भरलीय? मी कुठंच येत नसते." रात्रीच न्यावं की सकाळपर्यंत थांबावं? आणि वयाप्रमाणं बीपी किती असावं याचा काही हिशेब आहे का? जाणकारांनी सांगावं.


कळंबकर
रविवार, रात्री ९:२१

गुरुजी, घाबरू नका. आमच्याकडचे जुने डॉक्टर सांगायचे, वय अधिक शंभर. ८५ अधिक १०० म्हणजे १८५. आजीचं त्याच्या आतच आहे. माझ्या वडिलांचं १७० असायचं, डॉक्टर म्हणायचे वयाच्या मानानं ठीक आहे. सकाळी न्या, रात्री म्हाताऱ्या माणसाचे हाल करू नका.


सिस्टरबाई, अंबाजोगाई
रविवार, रात्री ९:३४

मास्तर, आजी राहू द्या. बहिणीला घेऊन निघा, आत्ता, याच गाडीत.

गरोदर बाईचं वीस आठवड्यांनंतर १४०/९० च्या वर दोनदा आलं आणि वरून डोकं दुखतंय, तर ते सणाच्या दगदगीवर घालायचं नसतं. तिला एवढं विचारा: डोळ्यांपुढं काजवे चमकतात का, अंधुक दिसतं का? उजव्या बाजूला बरगडीच्या खाली दुखतं का? लघवी कमी होते का? सकाळी उठल्यावर तोंड आणि हाताची बोटं सुजलेली असतात का, अंगठी निघत नाही असं झालंय का? यातलं एकही "हो" आलं तर धोका जास्त. पण सगळ्याला "नाही" म्हणाली तरी न्यायचंच आहे, कारण लघवीत प्रथिनं जातात का हे घरी कळत नाही.

तिचं लाल-पिवळं कार्ड, दवाखान्याचं, सोबत घ्या. गाडी नसेल तर १०२ ला फोन लावा, गरोदर मातांना ती फुकट आहे. १०८ पण चालते. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला तर ती तातडी समजा, तिथं मिनिटं मोजतात. आणि एक हात जोडून सांगते, घरातली बीपीची कोणाचीच गोळी तिला देऊ नका. बीपीच्या काही गोळ्या पोटातल्या बाळाच्या किडनीला घातक असतात.

पोचलात की इथं दोन शब्द लिहा. मी जागी आहे.


औशाचा मास्तर
रविवार, रात्री ९:४१

सिस्टर, विचारलं. आज सकाळपासून अंधुक दिसतंय म्हणाली. कोणाला सांगितलं नव्हतं, सणाच्या घरात कशाला म्हणून. निघतोय.


औशाचा मास्तर
सोमवार, पहाटे १:१५

लातूरच्या सरकारी दवाखान्यात आहोत. तिथं १५४/१०० आलं. लघवीत प्रथिनं आहेत. भरती करून घेतलं, सुईतून औषध चालू केलंय. बाळाचे ठोके चांगले आहेत म्हणाले. मी व्हरांड्यात आहे. बाकीचं सकाळी लिहितो.


सिस्टरबाई, अंबाजोगाई
सोमवार, सकाळी ६:५०

देव पावला. मास्तर, झोपा थोडं. ती आता योग्य जागी आहे.

तुम्ही विचारलेल्या हिशेबाबद्दल आता निवांत लिहिते. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच उपकेंद्रावर, पाऱ्याचं मशीन खांद्याला अडकवून.

कळंबचे भाऊ म्हणाले ते "वय अधिक शंभर" मी पण नोकरीच्या पहिल्या वर्षांत लोकांना सांगितलेलं आहे. तेव्हा तसंच बोलायचे. पण ते चुकीचं होतं. वयाबरोबर बीपी वाढतं हे खरं, म्हणून ते वाढलेलं चालतं असं नाही. केस पिकतात तसं ते बिनधोक नाही. त्या हिशेबानं कितीतरी माणसं विनागोळीची राहिली आणि अंगावरून वारं गेल्यावर आमच्याकडं आली. भाऊ, तुम्ही आधार द्यायलाच लिहिलंत, मला कळतं. पण हा हिशेब पुढं कोणाला सांगू नका.

मोठ्या माणसाला सगळ्यात चांगलं १२०/८० च्या आत. आपल्याकडं सरकारी दवाखान्यात १४०/९० किंवा वर, वेगवेगळ्या दिवशी दोनदा आलं की बीपीचा रोगी म्हणतात. घरी शांतपणे मोजलं तर हीच रेघ १३५/८५ ला धरायची, कारण घरी माणूस घाबरलेलं नसतं. यातला वरचा आकडा हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा आणि खालचा हृदय सैल पडतं तेव्हाचा.

पण तुमच्या बहिणीचं बघा. १४२/९२ हा आकडा तुमच्या घरात दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचा होता. आजीच्या १६८ च्या सावलीत तो दिसलाच नाही. तिच्या कार्डावर पहिल्या तपासणीपासून बीपी लिहिलेलं असेल, जरा काढून बघा. माझी पैज आहे, तिसऱ्या महिन्यात शंभर-एकशेपाचच्या आसपास असेल आणि पाचव्यात अजून थोडं खाली. गरोदरपणात रक्ताच्या नळ्या सैलावतात, म्हणून मधल्या महिन्यांत बीपी उतरतं आणि शेवटी शेवटी परत मूळच्या जागी येतं. म्हणजे तिच्यासाठी १४२ हा चाळीस अंकांचा चढ आहे. आकडा एकटा वाचू नका, आधीच्या आकड्यांच्या ओळीत ठेवून वाचा. कार्ड त्यासाठीच असतं, बायका ते पेटीत कुलूप लावून ठेवतात.

हे मी एवढं आग्रहानं का बोलते ते सांगते. १९९० च्या दशकात माझ्या हद्दीतल्या एका तांड्यावर आठव्या महिन्याची बाई होती. डोकं दुखतंय म्हणून कपाळाला पट्टी बांधून चार दिवस पडून होती. पाचव्या दिवशी झटके आले. घरच्यांना वाटलं लागीर झालं, देवऋषी बोलावला. मला निरोप आला तेव्हा संध्याकाळ झाली होती, पावसानं ओढा भरलेला. बैलगाडीनं आणि मग जीपनं नेली. बाई वाचली, बाळ नाही. झटके थांबवायचं मॅग्नेशियमचं औषध तेव्हाही होतं, आम्हीच त्याच्यापाशी उशिरा पोचलो. तेव्हापासून गरोदर बाईनं "डोकं दुखतंय" म्हटलं की मी आधी पट्टा बांधते आणि मग बोलते.

आता बाकीचे. तुमच्या मंडळींचं १०४/६६ हे लो नाही. तिशीतल्या पुष्कळ बायकांचं तेवढंच असतं आणि ते छान असतं. चक्कर येत नाही, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येत नाही, तर त्याला हात लावायचा नाही. आपल्याकडं थकवा आला की "बीपी लो झालंय" म्हणून सलाईन लावून घ्यायची पद्धत पडली आहे. मला ते बघवत नाही. थकव्याचं कारण बहुतेक वेळा रक्तात असतं. हिमोग्लोबिन तपासा. आरोग्य केंद्रात फुकट होतं. नऊ-दहा आलं तर लोहाच्या गोळ्या सुरू होतील, आणि थकवा त्यानं जाईल.

मुलाचं ८८/५२ वहीतून खोडून टाका. मोठ्या माणसाचा पट्टा लहान दंडाला बांधला की आकडा खोटा कमी येतो, आणि जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की खोटा जास्त. लेकरांचा पट्टा वेगळा असतो. लेकरांना मोठ्यांचे आकडे लागतच नाहीत. जन्मलेल्या बाळाचं वरचं पासष्ट-पंच्याहत्तर असतं, आठ वर्षांच्या पोराचं शंभराच्या अलीकडं-पलीकडं. वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावरून तक्ता बघावा लागतो. तीन वर्षांनंतर वर्षातून एकदा लेकराचं बीपी मोजावं असं सांगतात, पण आपल्याकडं कोण मोजतं?

मुलीचं मात्र परत घ्या. तेराव्या वर्षापासून मोठ्यांचीच रेघ धरतात, तिथं १२० च्या वर म्हणजे लक्ष ठेवायची जागा. तिच्यासमोर घाबरून बोलू नका. तीन वेगळ्या दिवशी, शाळेतून आल्या आल्या नाही, थोडी बसली की घ्या. वजन जास्त असेल, दुकानातली खारी पाकिटं रोज असतील, रात्री मोबाईलवर जागत असेल, तर तिथंच सुरुवात करायची.

आणि आई. सत्तावन्न म्हणजे पाळी गेलेली. पाळी गेल्यावर बायकांचं बीपी चढतं, तोपर्यंत त्या नवऱ्यापेक्षा बऱ्या असतात. १३८/८६ म्हणजे दारात उभी आहे. मिसरी लावते का? लावत असेल तर लावल्यावर अर्धा तास मोजू नका, तंबाखूनं आकडा लगेच चढतो. मिसरी सोडायला सांगा, एकदम नाही जमलं तरी सकाळची आधी सुटते.


परभणीचा डॉक्टर
सोमवार, दुपारी ३:१०

ओपीडी संपवून लिहितोय. सिस्टरांनी काल रात्री जे ओळखलं त्याला तोड नाही. त्यांनी लिहिलेल्यात मला काही खोडायचं नाही, आजी आणि वडिलांबद्दल थोडी भर घालतो.

आजीचे दोन आकडे बघा, १६८ आणि ७०. मधे अठ्ठ्याण्णवचं अंतर. तरुण माणसात हे अंतर चाळीसच्या आसपास असतं. असं का होतं? तुमच्याकडं ठिबक असेल. नवी नळी बोटानं दाबली की दबते, मोटर सुरू झाली की जरा फुगते आणि धक्का पोटात घेते. चार-पाच उन्हाळे खाल्लेली नळी कडक होते. मोटरचा प्रत्येक धक्का मग तसाच्या तसा पुढं जातो, आणि मोटर बंद पडली की दाब एकदम पडतो. म्हाताऱ्या माणसाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांचं तेच होतं. म्हणून वरचा आकडा वयाबरोबर चढत राहतो आणि खालचा पन्नास-साठपर्यंत चढून नंतर उतरायला लागतो. चाळिशीत खालचा आकडा आधी बिघडतो, सत्तरीनंतर वरचा. मास्तर, तुमच्या १२८/८४ मधला ८४ तुम्ही लक्षात ठेवा. आज गोळीची गरज नाही, पण अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० लाच रोगाची पहिली पायरी म्हणतात. तुम्ही त्या पायरीवर एक पाय ठेवलेला आहे आणि तुमच्या घरात वडिलांना आहे.

ऐंशीच्या पुढच्या माणसाला औषध द्यावं की नाही यावर आमच्यात पुष्कळ वर्षं वाद होता. "वय झालंय, राहू द्या" असंच म्हणायचे. मग २००८ मध्ये ऐंशीच्या वरच्या सुमारे ३,८०० लोकांवरचा मोठा अभ्यास आला. त्यात १५०/८० च्या आत आणायचं ध्येय ठेवलं होतं, आणि औषध घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले, हृदय थकायचं प्रमाण तर फारच कमी झालं. म्हणजे आजीला औषध लागेल असं दिसतंय. पण घाईनं नाही आणि एकदम १२० वर आणायला नाही. आधी १५० च्या आत, सोसलं तर अजून खाली. काल रात्री आजीला छातीत दुखणं, दम, बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं यातलं काही नव्हतं, त्यामुळं या आकड्यासाठी रात्री पळायची गरज नव्हती. आठवड्याभरात दाखवा.

दाखवायच्या आधी दोन कामं करा. एक, तिला बसवून मोजा, मग उभी करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी मोजा, कोणीतरी शेजारी धरायला राहा. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसनं किंवा खालचा दहानं पडला तर डॉक्टरला ते आवर्जून सांगा. अशा माणसाला जोरदार गोळी दिली की रात्री लघवीला उठताना पडते, आणि ऐंशीच्या पुढं खुब्याचं हाड मोडणं हे बीपीइतकंच वाईट. दोन, गुडघ्याची ती गोळी कुठली आहे ते बघा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची असेल तर तिनंच बीपी चढतं, पाय सुजतात, किडनीवर ताण येतो. माझ्याकडं येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत निम्म्या वेळा मला बीपीच्या गोळीआधी ही गोळी बंद करावी लागते. दुखण्याला पॅरासिटामॉल आणि शेक.

वडिलांना शुगर आहे, म्हणून त्यांच्यासाठी ध्येय १३०/८० च्या आत. १४६ जास्त आहे. बरं वाटलं की सोडायची ही गोळी नाही, कारण बीपी दुखत नसतं. गोळीनं बरं वाटत नाही आणि सोडल्यानं वाईट वाटत नाही, तिथंच फसगत होते.

मोजायची रीत सांगतो, कारण तुमचे कालचे बरेच आकडे मला संशयाचे वाटतात. ओसरीवर, सण, गप्पा, चहा, आजी बहुतेक भिंतीला टेकून पाय लांब करून खाली बसलेली, बायांच्या ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा. बरोबर? पट्टा उघड्या दंडावर. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, तंगडीवर तंगडी नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. लघवी करून या. चहा-तंबाखूला अर्धा तास होऊ द्या. पाच मिनिटं गप्प बसा, मोजताना पण कोणी बोलू नका. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. पहिल्यांदा दोन्ही हातांचं घ्या आणि ज्याचं जास्त येईल तोच हात पुढं धरा.


धाकला, माजलगाव
सोमवार, रात्री ८:४०

डॉक्टरसाहेब, उन्हाचं पण लिहा. आमचे अण्णा ५८ चे. बीपीची गोळी चालू होती, त्यातच लघवी जास्त होण्याचं औषध मिसळलेलं. मे महिन्यात ऊन ४३-४४ असताना शेतात वखराची पाळी घालायला गेले आणि बांधावर भोवळ येऊन बसले. मोजलं तर ९६/६०. अण्णांनी ठरवलं, आता बीपी गेलं. गोळी बंद केली, कोणाला विचारलं नाही. जून, जुलै, ऑगस्ट, तिन्ही महिने ठणठणीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. आम्ही आधी तेल चोळलं, गावात एकाकडं काढा पाजला, चार तास तिथंच गेले. आता चालतात काठीनं, पण बोलणं अर्धवट आहे. मला अजून झोप लागत नाही त्या चार तासांमुळं.


परभणीचा डॉक्टर
सोमवार, रात्री ९:५५

भाऊ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रक्ताच्या नळ्या सैलावतात, घामानं पाणी जातं आणि बीपी आपोआप थोडं उतरतं. तेव्हा डोस कमी करावा लागतो, कधी लघवीचं औषध काढावं लागतं. पण ते दाखवून. आणि पाऊस पडला, हवा गार झाली की परत चढतं, तेव्हा परत दाखवायचं. एप्रिल आणि ऑक्टोबर, वर्षात हे दोन महिने गोळीवाल्यांनी यायचेच असं मी माझ्या लोकांना सांगतो.

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, तर सरळ सिटी स्कॅन असलेला दवाखाना. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. अण्णांची फिजिओथेरपी सोडू नका. बोलणं पहिल्या वर्षात पुष्कळ सुधारतं. आता रोजचे आकडे लिहिता ना?


धाकला, माजलगाव
सोमवार, रात्री १०:०२

लिहितो. आज १३२/८०.


सिस्टरबाई, अंबाजोगाई
मंगळवार, सकाळी ७:२०

माजलगावच्या दादा, तुम्ही तेव्हा तुम्हाला जे ठाऊक होतं ते केलंत.

मास्तर, मिठाचं राहिलं होतं. एका माणसाला दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि यात भाजी, भाकरी, चटणी, लोणचं, पापड सगळं आलं. तोंडानं सांगून कोणाला पटत नाही, म्हणून मी बायकांना पिशवी दाखवायचे. तुम्ही आठ जण. आठ पंचे चाळीस ग्रॅम. एक किलोची पिशवी तुम्हाला पंचवीस दिवस पुरायला पाहिजे. फोडली त्या दिवसाची तारीख पिशवीवर लिहा आणि किती दिवस पुरते ते बघा. सैंधव घेतलं म्हणून जास्त घालायची मुभा नाही, त्यातही सोडियमच असतं. ठेचा एकदम बंद करू नका, घरात भांडणं होतात. खलबत्त्यात मीठ अर्धं करा आणि वरून लिंबू पिळा. खारोड्या, सांडगे, लोणचं हे आजी-बाबांच्या ताटातून आधी काढा.


औशाचा मास्तर
बुधवार, रात्री ८:३०

सिस्टर, डॉक्टरसाहेब, सगळ्यांचाच मी ऋणी आहे.

बहीण वॉर्डातच आहे. आजचं १३६/८६. दवाखान्यातून बीपीसाठी लॅबेटालॉलची गोळी चालू आहे. अंधुक दिसणं थांबलं. रक्त तपासलं, यकृत आणि किडनीचं ठीक आलं. सोनोग्राफीत बाळाची वाढ बरोबर आहे. डॉक्टर म्हणाले, जितके आठवडे पोटात सुरक्षित काढता येतील तितके काढू, पण बीपी ऐकलं नाही तर लवकर बाळंतपण करावं लागेल. मनाची तयारी ठेवलीय.

कार्ड काढून बघितलं. बारा आठवड्यांना १०६/६८. वीसला १००/६२. सव्वीसला ११२/७४. सिस्टर, तुमचा अंदाज जसाच्या तसा. हे कार्ड आमच्याच कपाटात होतं आणि मी तीस पोरांना आलेख काढायला शिकवतो. सव्वीसलाच तो वर वळला होता.

डॉक्टरसाहेब, ओसरीवरचं तुम्ही जसं लिहिलं तसंच होतं. काल आजीला शाळेतली खुर्ची आणून बसवलं, पाच मिनिटं कोणाला बोलू दिलं नाही. १५४/६८. उभी केल्यावर एका मिनिटानं १४२, तीन मिनिटांनी १४४, चक्कर नाही. गुडघ्याची गोळी डायक्लोफेनॅकच निघाली, दिवसाला दोन. बंद केली, शेक चालू आहे, कुरकुर पण चालू आहे. शुक्रवारी दाखवायला नेतोय. वडिलांनी लातूरच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या खिशातून गोळी काढून माझ्यासमोर घेतली. काही बोलले नाहीत. मुलीचं दोन दिवस घेतलं, ११६/७२ आणि ११८/७४, उद्या एकदा घेऊन थांबतो. बायकोचं हिमोग्लोबिन ९.२ आलं.

मिठाची मागची पिशवी कधी फोडली ते आईला आठवत होतं, कारण त्या दिवशी नागपंचमी होती. सतरा दिवस पुरली. तेव्हा बहीण पण आलेली नव्हती.

एकच विचारायचं राहिलं. बाळंतपण झालं की हे बीपी लगेच उतरतं ना? घरी आल्यावर किती दिवस बघायचं?


सिस्टरबाई, अंबाजोगाई
बुधवार, रात्री ९:०५

लगेच नाही. लोक इथंच गाफील होतात, बाळ आलं की बाईकडं कोणी बघत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी परत चढू शकतं, झटकेसुद्धा बाळंत झाल्यावर येऊ शकतात. घरी आली की पहिला आठवडा रोज दोनदा मोजा, मग दीड महिना होईपर्यंत दवाखान्यात सांगतील तसं. डोकं दुखलं किंवा अंधुक दिसलं तर रविवारी रात्री निघालात तसंच निघायचं. दीड महिन्यानंतरही उतरलं नाही तर गोळ्या पुढं चालू ठेवतील. उतरलं तरी तिनं वर्षातून एकदा मोजायचं, चाळिशी यायची वाट न बघता, कारण अशा बायकांना पुढं बीपी लवकर धरतं. आणि दुसऱ्या खेपेला दिवस राहिले की पहिल्याच तपासणीत हे सगळं सांगायचं. तिसऱ्या महिन्यापासून अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात, त्यानं धोका कमी होतो.

सासरी जाईल तेव्हा मशीन तिच्यासोबत द्या.


औशाचा मास्तर
बुधवार, रात्री ९:१२

देतो. आजीनं आत्ताच सांगितलं, माझ्यासाठी दुसरं आणू नका, मी तालुक्याला जाऊन मोजून येईन. रोज संध्याकाळी वॉर्डात फोन लावायला लावते आणि बहिणीला एकच विचारते, "वरची किती आली गं?"